पुन्हा बिघडवून दिलेली बॅटरी

"शकूताई, भंगारवाला खोळंबलाय," वहिनी शिडीखालून म्हणाल्या. मी दुकानाच्या माळ्यावर होते आणि हातातला पत्र्याचा डबा काही केल्या उघडत नव्हता.

"उघडताय कशाला? तसाच द्या खाली. पत्रापण वजनात जातो."

मी डबा दिला नाही. झाकणाखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळेची बॅटरी होती.

टॉर्चला आमच्याकडे सगळे बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात ते सेल. नाशकात मेन रोडला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं, तिथे मी बॅटऱ्या दुरुस्त करायची. मागच्या भिंतीला माझं टेबल होतं. चांदवड, नांदगावकडचे शेतकरी बाजाराला आले की सकाळी बॅटरी टाकून जायचे आणि गाडीला जाताना घेऊन जायचे. "मावशी, लय मंद लागती," एवढंच सांगायचे. मला तेवढं पुरायचं. बॅटरीला बिघडायला जागा थोड्याच असतात. बल्ब जातो, सेल आत फुटतो, स्प्रिंग गंजते, नाहीतर पत्ती खराब होते. पत्ती म्हणजे बटण सरकवल्यावर सेलची वीज बल्बपर्यंत नेणारी पट्टी. तिला पॉलिश पेपर मारला की निम्म्या बॅटऱ्या जागच्या जागी लागतात.

हे काम मी चौदा वर्षं केलं होतं. पण आता दुकान सेल्फ सर्व्हिस होणार होतं. गिऱ्हाईकाने बास्केट घ्यायची, सामान स्वतः उचलायचं, दारापाशी कॉम्प्युटरवर बिल करायचं. थोरले शेठ थकून घरी बसले होते. त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, सगळं बघत होत्या. बोलायला सरळ. त्यांनी मला सांगितलं होतं, "दसऱ्यापासून रिपेअरिंग बंद. लोक आता प्लास्टिकची घेतात, बिघडली की टाकून देतात. तुम्ही पुढे उभ्या राहा, गिऱ्हाईकाशी बोला. जमलं तर छानच."

नाही जमलं तर काय, ते माझं मलाच ओळखायचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतची, कॉम्प्युटरवर मला कोणी बसवणार नव्हतं. पुढे उभं राहून दोन दिवस बघितलंही होतं. एका माणसाने तीन इस्त्र्या समोर मांडून विचारलं, "मावशी, यातली चांगली कुठली?" मी बराच विचार केला आणि म्हणाले, "तिन्ही सारख्याच आहेत." तो काही न घेता गेला. वहिनी म्हणाल्या, "अहो, खरं आहे ते, पण सांगायचं नसतं." टेबल गेलं की माझी नोकरी गेली, हे मी मनाशी धरलंच होतं. घरी अजून सांगितलं नव्हतं.

तर ती पितळी बॅटरी. तीन सेलची, वीतभराहून लांब, हातात जड. तोंड फिरवलं की उजेडाचा गोल लहानमोठा होणारी. बुडाला इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, ती मला वाचता आली नाहीत. आत सेलच्या जागी कागदाची सुरळी होती. ठेवणारा जाणता असणार. सेल आत राहिले असते तर फुटून त्यांनी आतून पार खाऊन टाकली असती.

"पितळ आहे," वहिनी खालून म्हणाल्या. "त्याला वेगळं तोलायला सांगा."

"लागते का बघते."

"बघून करायचं काय, शकूताई?"

मी बॅटरी घेऊन शिडी उतरले. आणि टेबलाशी जाऊन बसले.

बल्बची तार तुटली होती. काचेला तडा होता. बटण अर्ध्यात अडकत होतं. तिन्ही बदललं, पत्ती घासली, तीन सेल घातले. समोरच्या भिंतीवर लख्ख गोल पडला. मग घासून चकचकीत करावी म्हणून वाटीत चिंच भिजत घातली. तेवढ्यात वहिनींनी माळ्यावरची भंगाराची दोन पोती उतरवायला हाक मारली. बॅटरी टेबलावरच्या फळीवर उभी करून मी गेले. भंगारवाला पोती हातगाडीवर घालून निघून गेला.

दुपारी एक दाताचे डॉक्टर ट्यूबचा स्टार्टर घ्यायला आले. नेहमीचं गिऱ्हाईक. वहिनी बिल करत होत्या आणि डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते.

"ती पितळी जरा दाखवता?"

"घ्या ना, डॉक्टर. आजच रेडी केलीय. बल्ब नवा, काच नवी, बटण नवं."

डॉक्टरांनी हातात घेतलेली बॅटरी काउंटरवर ठेवली. "अरेरे. मग जुनं राहिलं काय?"

वहिनींना कळेना. डॉक्टर म्हणाले, "मी जुन्या बॅटऱ्या जमवतो. बायको त्याला भंगार म्हणते, ते सोडा. ही इंग्रजांच्या वेळची. किती वर्षं शोधतोय मी. पण अशा वस्तूत सगळं मूळचं लागतं. कवळी बसवलेल्याला कोणी म्हणतं का, दात काय सुंदर आहेत तुमचे?"

"म्हणतात की," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याच बोर्डावर लिहिलंय तसं."

डॉक्टर हसले, स्टार्टर खिशात टाकला आणि वळले.

मी टेबलापाशी उभी होते. "जुनं आहे," मी म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. डॉक्टर पायरीपर्यंत पोचले तेव्हा मी पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज जरा जास्तच मोठा आला. दोघंही दचकले.

दुरुस्तीत काढलेला पार्ट फेकायचा नाही, पिशवीत घालून ठेवायचा, वर गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि वस्तूबरोबर परत द्यायचा, असा थोरल्या शेठजींचा नियम होता. नाहीतर गिऱ्हाईकाला वाटतं, चांगला पार्ट काढून आपल्याला हलका लावला. या बॅटरीला गिऱ्हाईकच नव्हतं, तरी हाताला सवय. मी पिशवी आणून दिली. वहिनींनी चिठ्ठी वाचली.

"नाव, माळा. हे कोण?"

"वरचा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पिशवी काउंटरवर ओतली. एकेक तुकडा बोटाने सरकवून बघितला. "पत्ती?"

"मूळचीच आहे. पॉलिश पेपर मारला फक्त."

"आणि बाहेरून घासली नाहीत ना?"

"चिंच भिजत घातली होती. पण पोती उतरवायला बोलावलं."

"देव पावला," डॉक्टर म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मीच बोलावलं होतं."

"आता एक करा. होती तशी करून द्या."

"मग लागणार नाही," मी म्हणाले.

"नको लागू दे."

"बंद बॅटरी मी कधी दिली नाही कोणाला." हे मी गिऱ्हाईकाला बोलले, यावर माझा नंतर विश्वास बसेना. "बटण मूळचंच बसवते, पण साफ करून, म्हणजे अडकणार नाही. काच तड्याची बसवते. पण तुटक्या तारेचा बल्ब मी लावायची नाही."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर विचारात पडले. मग त्यांनी बुडाचं झाकण फिरवून काढलं आणि मला दिलं. "स्प्रिंगच्या मागे बघा. या बॅटऱ्यांत कधीकधी एक जास्तीचा बल्ब ठेवलेला असतो."

स्प्रिंगच्या मागे बोटाच्या पेराएवढी खोबण होती. तिच्यात कापसात गुंडाळलेला बल्ब होता. चौदा वर्षांत हे मला माहीत नव्हतं. सगळं मूळचं बसवलं, तो बल्ब घातला आणि बटण सरकवलं. उजेड पिवळा आणि मंद, मधोमध तड्याची रेघ. डॉक्टरांनी तो भिंतीवर, छतावर, वहिनींच्या बिलबुकावर फिरवला. मग त्यांनी किंमत सांगितली. वहिनींनी ती लिहून घेतली आणि कधी नव्हे ते जास्त मागितलं नाही.

"घरी चाळीसेक आहेत," डॉक्टर जाताना म्हणाले. "बहुतेक बंद. कोणाकडे द्यायचा धीर होत नाही, नवी करून ठेवतात. या बाई इथेच असतात ना?"

वहिनींनी माझ्या टेबलाकडे बघितलं. "असतात ना. हे काय, टेबलच आहे त्यांचं."

डॉक्टर गेले. वहिनी म्हणाल्या, "भंगारवाला कितीसा लांब गेला असेल?" आणि चप्पल घालून स्वतःच निघाल्या. भद्रकालीच्या बाजारात गाठला त्याला. पोती परत द्यायला तो दिलेल्यापेक्षा जास्त मागायला लागला. म्हणाला, "भाभी, मालकाला शक आला की मालाचा भाव वाढतो." वहिनींनी दिले. दोन्ही पोती आम्ही संध्याकाळपर्यंत उपसली. जळके चोक, फुटके होल्डर आणि एक वाळलेला उंदीर निघाला. दुसऱ्या दिवशी तीच पोती त्यालाच विकली.

दसऱ्याला दुकान सेल्फ सर्व्हिस झालं. माझं टेबल कॉम्प्युटरशेजारी आलं, कारण बिलाला थांबलेले लोक बघत राहतात आणि मग घरातली बंद बॅटरी आठवते, असं वहिनींचं म्हणणं. दिवाळीनंतर डॉक्टर दोन पिशव्या भरून घेऊन आले.

एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून धरली. बॅटरी हातात घेतली की आधी विचारते, "ही चालू करून हवी, का आहे तशीच राहायला हवी?" बहुतेक लोक माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "चालू करून द्या हो, मावशी." पण विचारलेलं बरं.