हललं की सांगायचं

माझी मावशी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात. ती त्यांत प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या चढवते, एकेक दात बसवते आणि तयार कवळी डबीत घालून पाठवून देते. ज्यांच्यासाठी बनवते त्यांचे चेहरे तिला ठाऊक नसतात. तरी रस्त्याने चालताना कुणी मोकळं हसलं की ती मला कोपराने ढोसते. "अर्धं शहर माझ्या दातांनी जेवतं," असं तिचं म्हणणं. समोर बसवून, चेहरा बघून बनवलेली कवळी एकच, तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची.

मोठा भूकंप झाला त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे राहायला आले. मी भाड्याने राहत होते त्या इमारतीवर पालिकेच्या इंजिनियरांनी लाल पट्टी चिकटवली होती, म्हणजे आत राहायला बंदी. मावशीच्या घराला हिरवी मिळाली. गिलाव्याला तडे होते, पण खांब-तुळया ठीक होत्या. घर राहण्यासारखं होतं. फक्त काका त्यात राहायला तयार नव्हते.

ते गाडीच्या शेडमध्ये लोखंडी खाट टाकून राहत होते. पायांत बूट, उशाला बॅटरी आणि तोंडात चोवीस तास कवळी. झोपेतसुद्धा. त्यामुळे हिरड्यांना जखमा झाल्या होत्या आणि ते पेज सोडून काही गिळत नव्हते. रात्री कवळी काढली नाही तर जखमा चिघळतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"झोपताना तरी काढा हो," मावशी म्हणायची.

"आणि पळायची वेळ आली तर? बोळक्या तोंडाने उभा राहू रस्त्यात?"

"राहा की. लोक म्हणतील, बायको कवळ्या करते आणि नवरा बोळका. अब्रू माझी जाईल, तुमचं काय जातंय?"

एरवी यावर काका काहीतरी खवचट बोलले असते. आता ते नुसते खाटेवर टेकले आणि तळपाय जमिनीला चिकटवून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हललं."

आम्ही दोघी धावत अंगणात गेलो. शेजारची पाणी भरत होती, ती आमच्याकडे बघत राहिली.

हे दिवसभर चालायचं. धक्के येत होते, यात शंका नाही. कधी भांडी किणकिणायची, कधी कपाटाचं दार आपोआप उघडायचं. पण काकांचं 'हललं' त्याच्या कितीतरी पट होतं. मी फोनवर भूकंपाच्या नोंदी काढून दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितल्यासारखं केलं. "ते त्यांच्याकडचं. आपल्या पायाखालचं आपल्याला कळतं," म्हणाले.

मला वाटलं, मावशी तरी त्यांना समजावेल. ती समजावत नव्हती. काकांनी 'हललं' म्हटलं की हातातलं मेण टाकून बाहेर पडायची. का, ते विचारल्यावर तिने मला मागच्या खोलीतली जुनी गोष्ट सांगितली. त्यातली थोडी मला लहानपणापासून माहीत होती.

मागच्या खोलीत त्या दोघांनी एकदा सिनेमा केला होता. जेमतेम दहा मिनिटांचा, बाहुल्यांचा. बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, परत काढायचा. असे फोटो एकापाठोपाठ पळवले की बाहुली चालते. दोघांच्या नोकऱ्या सांभाळून त्याला बरीच वर्षं लागली. काका लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांचा स्टँड करून त्यांनी तो फरशीला बोल्टने आवळला आणि त्यावर कॅमेरा बसवला. बाहुल्यांची तोंडं मावशीने कवळीच्या मेणातून केली. प्रत्येक अक्षराला वेगळं तोंड, खोक्यात ओळीने मांडलेलं.

सिनेमातला दुकानदार प्रत्येकाला 'नाही' म्हणतो. शेवटी त्याची कवळीच कंटाळते, पेल्यातून उडी मारून खिडकीतून पळून जाते. सकाळी दुकानदार उठतो तर बोळका. 'नाही' म्हणायला जातो आणि तोंडातून निघतं 'आई'. गिऱ्हाइकं बिचारी त्याला पाणी देतात, खुर्ची देतात, कुणी डोक्यावरून हात फिरवतं. दुकानदाराचा आवाज काकांचा. तेव्हा त्यांचे स्वतःचे दात शाबूत होते, म्हणून ओठ दातांवर दुमडून त्यांनी ते 'आई' म्हटलं होतं.

त्या खोलीचा नियम एकच होता. टेबलाला धक्का लागला, स्टँडला पदर अडकला, काहीही झालं, की 'हललं' म्हणायचं. म्हणणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही. लपवणाऱ्याला मात्र माफी नव्हती. मी सुट्टीत तिथे जायचे तेव्हा शिंकले तरी 'हललं' म्हणायचे.

एकदा कवळी खिडकीच्या कट्ट्यावर चढते, त्या प्रसंगाचे फोटो चालू होते. काका मध्येच म्हणाले, हललं. मावशीने चौफेर बघितलं. काहीच जागचं सरकलेलं दिसेना. काका म्हणाले, लांबून मोठा ट्रक गेला, तळपायाला कळलं. लिफ्टचा खटका कुठल्या मजल्यावर अडकतोय हे ते तळपायानेच ओळखायचे. पण मावशी दमली होती. तिने ऐकलं नाही, पुढचे फोटो काढले. सगळं जोडून बघितलं तेव्हा त्याच जागी खिडकीबाहेर मांडलेली अख्खी गल्ली टुणकन उडाली. तो प्रसंग पुन्हा करायचं त्राण दोघांत नव्हतं. सिनेमा तसाच दाखवला गेला आणि हॉलमधली माणसं नेमकी तिथेच हसली, त्यांना वाटलं मुद्दाम केलंय. मावशी हसली नाही. घरी आल्यावर तिने काकांना शब्द दिला, 'तुमच्या हललंवर पुन्हा शंका घेणार नाही.'

"आता तो शब्द मोडू?" तिने मला विचारलं. "त्यांच्याकडे आता राहिलंय काय? गुडघे गेले, दात गेले. तळपाय तेवढे होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने मागच्या खोलीचं कुलूप काढलं. स्टँड जागच्या जागी होता. तिने टेबल पुसलं, सिनेमातली खिडकी मांडली आणि कट्ट्यावर ती छोटी कवळी उभी केली. सुटी, कशालाही न चिकटवता. मी कॅमेरा बसवला आणि त्याला लांब वायरचं बटण जोडून दिलं. मावशी वायर ओढत शेडपर्यंत आली आणि बटण हातात धरून काकांच्या शेजारी बसली.

"हे काय नवीन?"

"काही नाही. तुम्ही हललं म्हणालात की मी फोटो काढणार. नेहमीसारखं."

काकांनी वायर कुठे जाते ते नजरेने बघितलं. मग म्हणाले, "फोकस बघितलास?"

"बघितला."

"काय बघितलास," म्हणत ते उठले, बुटांसकट आत गेले, कॅमेऱ्याला डोळा लावला, काहीतरी फिरवलं आणि लगबगीने शेडमध्ये परतले. भूकंपानंतर ते पहिल्यांदाच घरात गेले होते.

दिवसभर ते 'हललं' म्हणत होते आणि मावशी बटण दाबत होती. एकदा ते म्हणाले तेव्हा पत्रा खरंच थरथरला. दुपारी पेज प्यायल्यावर त्यांचा खाटेवरच डोळा लागला आणि ते घोरायला लागले. तेवढ्यात शेडमधल्या डब्यातले खिळे खुळखुळले. मावशीने माझ्याकडे बघितलं, बटण दाबलं आणि काकांच्या अंगावरची चादर सारखी केली.

ऊन उतरल्यावर मी सगळे फोटो जोडले आणि लॅपटॉप काकांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर खिडकी आणि कवळी. फोटोमागून फोटो सरकत होते आणि कवळी ढिम्म उभी. मग किंचित तिरकी झाली. परत ढिम्म. मग एकदम कट्ट्याच्या कडेला आली आणि तिथेच थांबली, शेवटपर्यंत.

काकांनी पुन्हा लावायला सांगितलं. परत बघितलं. मग बोटाने दाखवून म्हणाले, "ही पत्र्याची. आणि ही कधीची?"

मावशीने चादरीची घडी घातली. "तुम्ही झोपला होतात."

"मी म्हणालो नाही?"

"घोरत होतात."

काकांनी मान खाली घालून पायांकडे बघितलं. मला वाटलं, चिडतील किंवा फोटोतच खोट काढतील. ती काढता आली असती, कारण हलक्या धक्क्याने कवळी सरकेलच असं नाही. पण मी फोनवरच्या नोंदी ताडून बघितल्या होत्या. त्या दिवशी इथे जाणवण्याजोगे धक्के तेवढेच होते. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "असतील." मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठी घट्ट बसल्या होत्या, त्या मावशीने सोडल्या.

"खाट मागच्या खोलीत घ्या," ते म्हणाले. "दाराजवळ. दार उघडं राहील."

आम्ही खाट आत नेली. मावशीने पेल्यात पाणी आणून खोलीच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. काकांनी पाठ फिरवून कवळी काढली. हिरड्यांना हवा लागल्यावर कळवळले असावेत, कारण थोडा वेळ भिंत धरून उभे राहिले. मग कवळी पेल्यात सोडली आणि पाणी स्थिर होईपर्यंत त्याकडे बघत बसले.

आतून मावशीने विचारलं, "हललं का हो?"

काकांनी अजून एकदा पेल्याकडे बघितलं.

"आई," ते म्हणाले. या वेळी ओठ दुमडावे लागले नाहीत.

स्वयंपाकघरात पळी खाली पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ मावशीचं हसू ऐकू आलं.