बडीशेपेचा न आलेला गड्डा

परवा रविवारी तेलगावहून ह्यांचे दोन मित्र जेवायला येणार होते... बडीशेपेच्या गड्ड्याची भाजी खायला! आणि आमच्या वाफ्यात गड्डा नावाची गोष्टच नव्हती.

झालं असं, दिवाळीनंतर ह्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशात बडीशेपेला बुडाशी कांद्यासारखा पांढरा गड्डा येतो म्हणे, तो भाजून खातात. मग काय... घरामागचा माझा मेथीचा वाफा मोडला आणि मसाल्याच्या डब्यातली बडीशेप पेरली!

"अहो, गड्ड्याची जात वेगळी असते," मी सांगून थकले. सासूबाई तर म्हणाल्याच, "बडीशेप जेवल्यावर खायची असती बाबा, जेवणात न्हाई." पण ऐकतंय कोण?

झाडं कमरेएवढी झाली, पिवळ्या फुलांच्या छत्र्या आल्या. हे रोज बुडाला मातीची भर लावायचे, परत उकरून बघायचे. खाली नुसती मुळी... आणि दोष कुणाला? मला! "तू पाणीच कमी घातलं, मंग गड्डा कसा येईल?"

वर गावभर सांगून मोकळे. मित्रांना आवतणसुद्धा.

रविवारी सकाळी चार झाडं उपटून माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, "बघ कायतरी." असा संताप आला... पण पाहुणे तर दारात येणार. शेंड्याकडचा कोवळा पाला आणि देठ खुडले, बारीक चिरले. भिजवलेली मूगडाळ, लसूण, हिरवी मिरची घालून परतली. सोबत गरम भाकरी.

ताटं वाढली. एक मित्र भाजी चाळवत म्हणाला, "गड्डा कुठं हाय बे?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आता पाण्याचं पुराण निघणार... माझं उत्तर तयारच होतं. आज पाहुण्यांसमोर बोलायचंच, असं ठरवलं होतं.

हे मित्राकडे वळले. मग म्हणाले, "गड्डा आला न्हाई. ही पयल्यापासून सांगत व्हती, म्याच ऐकलं न्हाई. पण भाजी खाऊन बघ, लई भारी केलीय हिनं."

तयार उत्तर बाजूला ठेवून मी गरम भाकरी वाढायला पुढे झाले. सासूबाई तर भाकरी मोडायच्या थांबून लेकाकडे बघतच राहिल्या.

दोघा मित्रांनी भाजी दोनदा मागून घेतली. माझ्यासाठी पातेल्यात जेमतेम चमचाभर उरली... ती पुसून खाताना वाटलं, मेथीचा वाफा गेला तो गेलाच. पण चार माणसांत खरं बोलायला जी छाती लागते, ती ह्यांच्याकडे आहे, हे मला परवाच कळलं.