मना नाय पटत

आमच्या मराठीच्या बाईंना जगातली कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पटली, असं कधी घडलंच नाही. चौलहून रिक्षाने कॉलेजात येताना शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र त्या वाकून वाचायच्या आणि अग्रलेख संपला की "तुम्हाला हे पटलं का?" असं त्यालाच विचारायच्या. बाईंच्या शेजारी बसायला नको म्हणून ड्रायव्हरजवळ अर्ध्या बुडावर लोंबकळत अलिबाग गाठणारी माणसं मला माहीत आहेत. हाती येईल त्या छापील कागदाच्या समासात त्या पेन्सिलीने भांडायच्या. लग्नपत्रिकेतल्या 'आपली उपस्थिती हाच आहेर' या ओळीपुढे 'खरंच?' असं लिहून ती पत्रिका त्यांनी यजमानांना परत दिली होती. प्राचार्यांचं परिपत्रक तर शुद्धलेखन तपासून, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारूनच परत जायचं. ग्रंथपाल त्यांच्यावर कायम खार खाऊन असत. मुलं मात्र बाईंनी रंगवलेलीच प्रत मागून नेत, कारण तिच्यात मूळ पुस्तकाबरोबर त्याच्याशी झालेलं भांडणही वाचायला मिळे.

हा स्वभाव वडिलांकडून आलेला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या वस्तीत शिकून नोकरीला लागलेला तो पहिला माणूस. बाई सांगत, की रोज संध्याकाळी ते भावंडांना धडा वाचायला लावत आणि नंतर उत्तरं विचारतच नसत; प्रत्येकाने धड्याला एक प्रश्न विचारायचा, मगच ताट वाढलं जाई. धाकट्या भावाला एकदा काहीच सुचेना, तेव्हा त्याने "हा धडा कशाला लिहिलाय?" असं विचारलं, आणि त्या दिवशी त्याला सर्वात आधी जेवायला मिळालं. प्राचार्यांनाही "जय भीम, सर" म्हणून बाई समोर बसल्या, की आता काहीतरी विचारलं जाणार हे शिपायापर्यंत सगळ्यांना कळायचं.

अशा बाईंना प्राचार्यांनी एका समितीवर घेतलं, आणि विभागात नवा म्हणून मलाही त्यांच्यासोबत जोडून दिलं. वर्गासाठी 'सामूहिक वाचना'चं अ‍ॅप निवडायचं होतं. सगळ्यांनी मोबाइलवर एकच मजकूर उघडायचा, जिथे काही म्हणावंसं वाटेल त्या ओळीवर बोट ठेवून बाजूला लिहायचं, आणि एकाने लिहिलेल्यावर दुसऱ्याने बोलायचं, अशी ती सोय. बाई मोबाइलचं नाव काढताच उठून जातील असं प्राचार्यांना वाटलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पुस्तकात लिहिल्याबद्दल मला इतकी वर्षं बोलणी बसली, तेच आता कॉलेज शिकवणार. छान आहे."

मग त्यांनी परीक्षा सुरू केली. काच तडकलेला आपला जुना फोन घेऊन त्या मला रेवदंड्याला घेऊन गेल्या आणि बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी, रेंज येते न येते अशा जागी, एका उपड्या टोपलीवर बसल्या. एकेक अ‍ॅप उघडून बघितलं. मी छत्री धरून माश्या वारत उभा. जे उघडलं नाही ते बाद. आवाजात जराही चढ न आणता त्या म्हणाल्या, "माझ्या निम्म्या मुली इथून येतात. इथे उघडत नसेल, तर ते माझ्या वर्गात नाही उघडणार."

शेवटी दोन उरली. एक साधं, फुकटचं. त्यात कोणत्याही नावाने लिहिता येई. दुसरं एका कंपनीचं, देखणं. त्यात हजेरीपटावरची नावं आपोआप येत, कोणी किती वेळ पान उघडं ठेवलं ते दिसे, आणि यंत्र प्रत्येक टिप्पणीला गुण देई. कॉलेजची तपासणी तोंडावर आलेली. प्राचार्यांचं मन कंपनीच्या अ‍ॅपवरच बसलं होतं. दोन्ही वर्गात लावून बघायचं ठरलं.

फुकटच्या अ‍ॅपवर मुलांनी माशांची नावं घेतली. सुरमईने बांगड्याला झोडपलं, मांदेलीने दोघांना समजावलं, आणि 'जवळा' या नावाने स्वतः बाई सगळ्यांच्या मध्ये लुडबुडत राहिल्या. वर्गात तोंड न उघडणारी मुलं तावातावाने भांडत होती. कंपनीच्या अ‍ॅपवर तीच मुलं इस्त्री केल्यासारखी बोलू लागली. 'सदर कथा अत्यंत हृदयस्पर्शी आहे' हे वाक्य तर इतक्या जणांनी लिहिलं, की बाईंनी ते वाचायचंच सोडून दिलं.

कंपनीचा तरुण प्रतिनिधी सभागृहात प्रात्यक्षिक द्यायला आला. पडद्यावर आमच्या वर्गाने वाचलेली कथा होती: आजारी सासऱ्यासाठी नोकरी सोडणाऱ्या सुनेची. 'तिला यातच समाधान होतं' या ओळीपाशी एका मुलीने आपल्या घरच्या बोलीत तीनच शब्द लिहिले होते, "मना नाय पटत." शेजारी यंत्राचा निकाल होता: भाषा ओळखता आली नाही, गुण शून्य. वर त्या मुलीचं पूर्ण नाव, हजेरी क्रमांकासह. ती रेवदंड्याची, दोन वर्षांत वर्गात एकदाही बोललेली नव्हती. प्रतिनिधी समजावत होता, की असे मागे पडणारे विद्यार्थी शिक्षकांना चटकन ओळखता येतात.

बाई उठल्या आणि सरळ पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या मुलीचं नाव त्यांच्या कपाळावर आणि पदरावर पडलं.

"आधी हे नाव काढा," त्या म्हणाल्या.

प्राचार्य म्हणाले, "बाई, बसून घ्या."

"नाही बसणार. ही पोरगी आज पहिल्यांदा बोलली आहे. हे तीन शब्द ऐकायला मी इतकी वर्षं शिकवतेय, आणि तुमचं यंत्र तिला शून्य देतंय. समितीच्या शिफारशीवर मी सही करणार नाही."

त्यांनी सही केली नाही. मीही केली नाही. मला धाडस आलं होतं असं नाही, पण पडद्यासमोर उभ्या असलेल्या बाई माझ्याकडेच बघत होत्या. कॉलेजने कंपनीचंच अ‍ॅप घेतलं आणि बाईंना समितीवरून काढलं. त्यांनी मात्र आपला वर्ग निवृत्तीपर्यंत माशांच्याच नावांनी चालवला. दोनदा नोटीस आली. दोन्ही वेळा बाईंनी तोंडी सांगितलं, की अंतर्गत गुण वेळेवर मिळतील, बाकी माझं मी बघेन.

निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलं, तेही त्यांना पटलं नाही, पण अक्षरंच दिसेनाशी झाली तेव्हा कोणाशी वाद घालणार? गेल्या महिन्यात रविवारी मी चौलला गेलो. सुपारीच्या वाडीतून ओटीवरचं बोलणं ऐकू येत होतं. ती रेवदंड्याची मुलगी, आता अलिबागच्या शाळेत शिकवते, ती मोठ्याने पुस्तक वाचत होती आणि बाई दर ओळीला तिला अडवत होत्या.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "आधी माझं वाक्य तर पुरं होऊ द्या."

बाई गप्प बसल्या. त्यांना असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हात मांडीवर ठेवून, मान जरा तिरकी करून त्या ऐकत होत्या. मला फाटक वाजवावंसं वाटलं नाही. मुलीचा आवाज स्पष्ट येत होता; पान संपेपर्यंत मी बाहेर गल्लीतच उभा राहिलो.