आप्पांचा टाक

आधीच सांगतो, भुताखेतांचं मला कधी काडीचं वेड नव्हतं. बत्तीस वर्षं महाडला शाळेत विज्ञान शिकवलं. भर जत्रेत अंगात आलेल्या बाईला "ताई, आधी पाणी प्या आणि उपास सोडा" असं म्हणून शिव्या खाल्लेला माणूस आहे मी. या सदरातले अनुभव बायकोला वाचून दाखवायचो आणि खो खो हसायचो. आता तीच म्हणते, "लिहा की तुमचंही... हसू देत लोक." म्हणून लिहितोय. आडनाव सांगणार नाही, आमच्यात भाऊबंदकी आधीच उतू चाललीय.

तर... आमच्या घराण्याचं एक कुलवृत्तांत मंडळ आहे. म्हणजे पाच-सहा रिटायर्ड माणसं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचं, चहा प्यायचा, मूळपुरुषापासूनची वंशावळ जुळवायची आणि भांडायचं. पहिला कुलवृत्तांत माझ्या वडिलांनी, आप्पांनी, गावोगाव पायी फिरून एकट्याने छापला. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दुसऱ्या आवृत्तीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आमची पद्धत साधी. प्रत्येक घरी फॉर्म द्यायचा आणि देवाऱ्यातल्या टाकांचे फोटो काढायचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसा मारून उठवलेली पूर्वजाची आकृती. घरातला कर्ता माणूस गेला की सोनाराकडून त्याचा टाक करून घेतात आणि देवांशेजारी बसवतात. आमच्याकडे सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं की कागद जातात, पण माणसं देव उचलून माळ्यावर नेतात. त्यामुळे पिढ्या मोजायला टाकच बरे पडतात. आणि ज्या शाखेचा फॉर्म येत नाही, तिच्या शेवटच्या नावापुढे लिहायचं – 'निर्वंश'. हा नियम आप्पांचाच.

दिवाळीनंतर एक फोन आला. कापडे गावाहून. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.

"आप्पाचा पोर ना तू? पुस्तक करतोस म्हनं. जुनं पुस्तक घिऊन ये इकडं."

रखमाकाकी. नात्याने लांबची काकी, पण मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. स्कूटर काढली आणि पोलादपूरवरून कापड्याला गेलो. अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती आणि बाई दारात उभी. सत्तरीची, काटक. आत ये म्हणाली नाही.

"दाव पुस्तक. माझ्या सासऱ्याच्या बापापुढं काय लिवलंय त्ये वाच. मला वाचाया येत नाय."

मी पान काढलं. "निर्वंश," म्हणालो.

"मंग माझा सासरा कोन? माझा दादला कोन? आनि माझा संतोष काय आभाळातनं पडला रे?"

आत भिंतीवर हार घातलेला फोटो होता. संतोष तिचा एकुलता एक मुलगा. वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा. तीन वर्षांपूर्वी हायवेवर अपघात झाला आणि गेला. लग्न झालेलं नव्हतं. काकीचा नवरा त्याआधीच गेलेला.

"माझ्यामागं कोन नाय, ठावं हाय मला," ती म्हणाली. "निर्वंश लिवायचं तर लिवा. पन आदी पोराचं नाव तर लिवा! तो व्हता, येवढं तरी ऱ्हाऊ द्या."

या क्षणी कोणीही शहाणा माणूस हात जोडून 'चुकलं' म्हणाला असता. पण मी पडलो आप्पांचा मुलगा. म्हणालो, "फॉर्म वेळेवर आला नसेल, काकी. नियम म्हणजे नियम."

"सासऱ्यानं सवताच्या हातानं दिल्ता तुझ्या बापाला. मी तितंच व्हते. संतोष कडेवर व्हता."

"त्याला पुरावा काय?"

हा शब्द माझ्या तोंडून गेला. आजही आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"बापाला इचार तुझ्या."

"आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली."

"मंग? देवाऱ्यात बशिवलायस ना त्येला? तितं इचार." आणि दार लावून घेतलं. पाण्याचा थेंबही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसलो तर आप्पांचा टाक पालथा. बाकीचे देव, आजोबा-पणजोबांचे टाक, सगळे जागच्या जागी. म्हटलं, उंदीर असेल. सरळ केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पालथा. बायकोवर ओरडलो, तिने देवाची शपथ घेतली आणि वर दिवसभर अबोला धरला. मग मी देवाऱ्याच्या काचेच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली पाकिटात ठेवली. सकाळी कुलूप शाबूत – टाक पालथा. हट्टाने टाकाखाली मेण लावून तो चिकटवला. सकाळी मेण पाटावर जसंच्या तसं, आणि टाक शेजारी तोंड खाली घालून पडलेला. एवढा वैताग आला की सांगता सोय नाही... आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

मग चिडून आप्पांची ट्रंक उघडली. असा फॉर्म नव्हताच, हे एकदा सिद्ध करून मोकळं व्हायचं होतं. कापड्याच्या फॉर्मांचा गठ्ठा उघडला, तर पहिलाच कागद तो. सासऱ्याची वेडीवाकडी सही, मुलाचं नाव, आणि शेवटची ओळ – 'नातू: संतोष, वय दोन'. आणि त्या सगळ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची काट. बाजूला आप्पांचं मोत्यासारखं अक्षर: 'पालखीला आडवे आले. घेऊ नये.'

ग्रामदेवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून त्या काळी दोन घरांत मारामारी झाली होती, एवढं मी लहानपणी ऐकलेलं होतं. त्यापायी आप्पांनी दोन वर्षांच्या पोरासकट अख्खं घर पुसून टाकलं होतं. मला शरम वाटली. आणि लाज सोडून सांगतो, रागही आला तो त्या बाईचाच. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे चुलतभाऊ नाना. त्यांना फोन केला तर म्हणाले, "फाडून टाक तो कागद. एकाला घेतलंस की उद्या दहा जण येतील पालखीला खांदा द्यायला." फाडायला हात धजला नाही. पण ट्रंकेत परत ठेवला, आणि ट्रंकेलाही कुलूप घातलं.

दुसऱ्या सकाळी टाक सरळ होता. माझ्याकडे तोंड करून उभा... पण तोंडच नव्हतं. फेटा नाही, मिशा नाहीत, हातातली काठी नाही. गुळगुळीत कोरा पत्रा.

तसाच उठलो आणि बाजारपेठेत आमच्या सोनाराकडे गेलो. म्हाताऱ्याने भिंगातून पुढून-मागून पाहिलं. मागे त्याचीच खूण होती. वहीत नऊ वर्षांपूर्वीचं वजन काढलं आणि काट्यावर टाक ठेवला. गुंजभरही फरक नाही.

"घासून घासून गेला असता तर वजन उतरलं असतं," तो म्हणाला. "मास्तर, यावर ठसा कधी पडलेलाच नाही."

"अहो, तुम्हीच मारलात की, माझ्यासमोर!"

"मारला होता खरा." त्याने तोच ठसा शोधून काढला, पत्रा वर धरला आणि हातोडी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. पत्र्यावर साधा ओरखडाही उठला नाही. त्याने टाक कागदात गुंडाळला आणि माझ्यापुढे सरकवला. "दुसरीकडे दाखवा. आणि कृपा करून हा पुन्हा माझ्या दुकानात आणू नका."

पुढच्या रविवारी मी तो फॉर्म मंडळापुढे ठेवला. जे व्हायचं ते झालं. "बापाच्या तोंडाला काळं फासलंस!" असं ओरडून नाना उठून गेले, ते आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुस्तक छापलं, त्यात कापड्याची तिन्ही नावं घेतली आणि पहिली प्रत घेऊन मी स्वतः रखमाकाकीकडे गेलो.

या वेळी तिने पाणी दिलं. मी तिचा सासरा वाचला, नवरा वाचला. संतोषचं नाव आलं तेव्हा म्हणाली, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "फुडं?"

"पुढे काही नाही, काकी. जागा कोरी सोडलीय." मला वाटलं होतं, तिला तेवढंच बरं वाटेल.

"कोरी कशाला? निर्वंश लिव. आता खरं हाय त्ये."

मी पेन काढलं, पण हात चालेना.

"तुझ्या बापानं खोटं लिवलं तवा हात नाय कापला त्येचा," ती म्हणाली. "तू खरं लिवताना कापतोस व्हय?"

लिहिलं. तिच्या प्रतीत, तिच्या डोळ्यांदेखत. तिने त्या शब्दावरून एकदा बोट फिरवलं, पुस्तक मिटलं आणि फोटोखाली नेऊन ठेवलं. 'बरं झालं' नाही, की 'ये पुन्हा' नाही. मी तसाच स्कूटरला किक मारून निघालो.

वाटेत मनात एकच होतं, घरी टाकावर आप्पा परत आलेले असतील. हसू नका, मी खरंच धावत देवाऱ्यापाशी गेलो. पत्रा कोराच होता.

आता तो पालथा पडत नाही. दुसऱ्या एका सोनाराकडे नवा टाक करायला दिला होता, त्याने आठ दिवसांनी निरोप पाठवला की जमत नाही. का ते सांगितलं नाही. कोणा वाचकाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

रोज सकाळी सगळ्या टाकांना गंध लावतो. आजोबांना लावतो, पणजोबांना लावतो. मग आप्पांचा टाक हातात घेतो... आणि कपाळ कुठे असेल त्याचा अंदाज करत बसतो.