घाटातून नेलेली रेल्वे

कॉम्प्युटरवर रेल्वे चालवतो म्हटलं की लोक माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. चाळिशी उलटलेला माणूस, कळंबला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, लेक कॉलेजात, आणि हा रविवारी दुपारी इंजिनचे आवाज काढत बसतो. हेच लोक सकाळपासून मोबाइलवर पत्ते कुटतात, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. मी गाडी फलाटाला नीट लावली तर मात्र माझं डोकं फिरलेलं असतं.

पत्त्यांत हरलं तर नशिबाला बोल लावता येतो. इथे तसं नाही. मागे मालाने भरलेले डबे आहेत, पुढे उतार आहे, ब्रेक उशिरा लावला तर गाडी लाल सिग्नल ओलांडून जाणार आणि दोष आपलाच. कीबोर्डवर ते बरं वाटेना, म्हणून मी एका जुन्या स्टार्टरचा दांडा काढून त्याचा हँडल केला. त्यावर हात ठेवला की मला शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, अशी बायकोची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

आता हे वेड लागलं कुठून? आमच्याकडे रेल्वे नाही म्हणूनच लागलं. जुन्नर आणि आंबेगाव, एवढाले दोन तालुके, आणि वीतभर रूळ नाही. टोमॅटो ट्रकने जातो, पोरं एसटीने जातात, नाहीतर हायवेला हात दाखवत उभी राहतात. लहानपणी मी पुण्याला मामाकडे गेलो की मामा विचारायचा, भाच्या, काय खाणार? मी म्हणायचो, मामा, स्टेशनवर नेता का?

मग काही वर्षांपूर्वी गावात नव्या रेल्वेचे मोजणीवाले आले. तिपाईवर दुर्बीण ठेवून त्यांनी शिवारातून सरळ रेघ आखली, दगड रोवले, त्यांना रंग दिला. आम्ही त्यांना चहा पाजला. मी तर दुकान बंद ठेवून त्यांच्यामागे उन्हात फिरलो, वळण कुठे, चढ किती, सगळं विचारून घेतलं. पुढे एके दिवशी टीव्हीवर कळलं की मार्ग बदलला, रेल्वे आता दुसरीकडून जाणार. विषय संपला. गावात कुणी हूं की चूं केलं नाही. एक निवेदन नाही, एक मोर्चा नाही. दगड तेवढे उरले, आणि त्यातला एक आता शेजाऱ्याच्या गोठ्यात पायरी म्हणून आहे.

मला मात्र राग आला. इतका आला की मी ती रेल्वे स्वतःच घालायला घेतली. या खेळात आपला मार्ग आपल्याला बांधता येतो. मोजणीच्या रेघेवरून मी रूळ टाकत गेलो, दुकानातून आल्यावर रोज थोडे. गावाचं मंदिर, पाण्याची टाकी, शाळेचे निळे पत्रे, सगळं जिथल्या तिथे उभं केलं; घाटापलीकडे गावाचं स्टेशनही बांधलं. आणि मोजणीची रेघ बैलगाड्यांच्या घाटाच्या पायथ्यातून जात होती, म्हणून माझे रूळही तिथूनच गेले. घाट म्हणजे आमच्याकडे शर्यतीची धावपट्टी. यात्रेला तिथे बाऱ्या सुटतात, एकेक बैलगाडा पाळीने धावतो, आणि सगळा तालुका कडेला उभा असतो.

यंदा यात्रेच्या आधी मेव्हणा घरी आला. माझी गाडी घाटातून जाताना त्याने माझ्या मागे उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली काही लिहिलं नाही. पुढचं काम ग्रुपने केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी जेवून दांड्यावर हात ठेवला आणि दारात यात्रा कमिटी उभी राहिली. पुढे अध्यक्ष, त्यांच्यामागे गाडामालक, आणि सगळ्यांत शेवटी माझे थोरले चुलते, आबा. आबांची बैलजोडी एके काळी घाटात नाव काढून गेलेली.

"भाऊ, रेल्वे घाटातनं चाललीय म्हनं," अध्यक्ष म्हणाले.

मी म्हटलं, "ही खरी नाही. कॉम्प्युटरमधली आहे."

"ते कळतंय आमाला. पन आज कंपूटरात हाय, उद्या कागदावर ईल. तुजा नकाशा बघून कुनी म्हनलं, गावानंच जागा दावली, तर? तू रूळ सरकव."

"सरकवणार नाही."

"आरं, वढ्याच्या पल्याड घे की. काय बिघडतं?"

"वळण पडतं. वेग जातो."

"आन बारी सुटली, तवाच तुजी गाडी आली तर?" एक गाडामालक म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

तिथे माझा तोल गेला. मी खुर्चीवरून उठलो. "खरी रेल्वे गेली तेव्हा कुठे होता तुम्ही? दगड रोवलेले उपटून पायऱ्या केल्या, तेव्हा कमिटी झोपली होती? पोरं रोज एसटीला लोंबकळून जातात, त्यासाठी एक माणूस घराबाहेर पडला नाही. आणि माझ्या खोलीतले रूळ हलवायला सगळे मिळून आलात. लाज वाटत नाही?"

बायको आतून बाहेर आली. बोलले ते आबा, आणि तेही शांतपणे.

"तवा बी आलो असतो रं. कुनाकडं जायाचं त्ये म्हाईत नव्हतं. तुजं घर म्हाईत व्हतं."

राग होता, अजून आहे, पण तो या माणसांवर कसा काढायचा ते मला कळेना. मी खाली बसलो. बायकोने चहा टाकला.

रूळ मी हलवले नाहीत. घाटाच्या दोन्ही अंगांना एकेक सिग्नल बसवला आणि खेळात यात्रेचा दिवस धरून दोन्ही लाल ठेवले. मग कमिटीला खाटेवर बसवून कळंबहून गाडी सोडली. मंदिर दिसलं, टाकी दिसली, तसं कुणीतरी आपलं शेत दाखवलं. लाल दिवा दिसताच मी आबांचा हात दांड्यावर ठेवला, वरून माझा धरला आणि आम्ही ब्रेक लावला. गाडी घाटाच्या अलीकडे उभी राहिली.

"किती येळ थांबंल?" आबांनी विचारलं.

"बाऱ्या संपेपर्यंत."

आबांनी मान हलवली. दांड्यावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

"आन त्या आपल्या टेशनावर," ते म्हणाले, "तिथं बी थांबती ना?"