चाचांबद्दल मी दिलेलं उत्तर

अबू धाबीत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं क्लिअरिंगचं ऑफिस होतं. जहाजाने आलेला किंवा ओमानहून ट्रकने येणारा व्यापाऱ्यांचा माल कस्टममधून सोडवायचा, हे आमचं काम. १९९४ साली मी तिथे टायपिस्ट म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. काम शिकवलं ते हेडक्लार्कनी. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, वय पन्नाशीच्या आसपास. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं. मालक अरब होता, त्याला आम्ही अरबाब म्हणायचो.

चाचांना जकातीचे नियम पाठ होते. कुठला माल कुठल्या सदरात बसतो, कुठला अधिकारी कशावर अडून बसतो, अरबी अर्जात कुठला शब्द लिहिला की कागद पुढे सरकतो, हे त्यांना पुस्तक न उघडता सांगता यायचं. मला मात्र ते पुस्तक उघडायला लावायचे. "मी सांगितलं म्हणून लिहू नको. वाच, मग लिही."

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून चूक झाली. ओमानहून मासळीचा ट्रक निघाला होता आणि मी कागदावर वजन चुकीचं टाइप केलं. ट्रक अल ऐनच्या पुढे सीमेवर अडकला. बर्फ वितळत होता आणि ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने फोन करत होता. चाचांनी नवा कागद स्वतः टाइप केला, टॅक्सी केली आणि तडक सीमेवर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. अरबाबने विचारलं, "किसने किया ये?"

"मैंने," चाचा म्हणाले. "चष्मा बदलना है, अरबाब."

त्या दिवसापासून त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही.

त्या काळात आमचा रस्ता सकाळपासून गजबजलेला असे. ट्रक एकामागे एक उभे असत, पठाण ड्रायव्हर सावलीत बसून चहा पीत. बंदराला लागून टायपिंगची दुकानं, कॅफेटेरिया, दोरखंड नि ताडपत्र्या विकणारे. आम्हा मराठी घरांचाही छान मेळ जमला होता. शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये दहा-बारा कुटुंबं जेवायला जमत. चाचा एकटेच राहायचे, त्यांचं कुटुंब गावी. आम्ही बोलावलं की ते खजूर घेऊन यायचे आणि माझ्या मुलीला मराठी अक्षरं गिरवायला बसवायचे. ती इंग्रजीतून कुरकुर करायची, पण गिरवायची.

मग आमच्या पूर्वेकडचं सगळं बदलत गेलं. दुबईचं बंदर वर्षागणिक वाढत होतंच. आमचे व्यापारी आधी म्हणायचे, थोडा माल तिकडे उतरवू. नंतर इकडे फक्त थोडा माल राहिला. दोन हजार तीनच्या सुरुवातीला आखाती देशांनी जकात एक केली. माल पहिल्यांदा जिथे उतरेल तिथेच जकात भरायची, मग तो ओमानला जावो की कतारला. ज्या दिवशी हे परिपत्रक आलं, त्या दिवशी चाचांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चांगलंच केलंय. व्यापाऱ्याचा ताप गेला." थोडं थांबून म्हणाले, "आपलं काम पण गेलं, बाळा."

राजधानी अबू धाबीला काही झालं असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं नसतं. समुद्राकाठच्या कॉर्निशवर नव्या इमारती उभ्या राहतच होत्या. पण आमच्या रस्त्यावरची टायपिंगची दुकानं बंद झाली. शुक्रवारच्या जेवणाला कुटुंबं कमी कमी होत गेली. कुणी दुबईत करामाला गेलं, कुणी अल मनखूलला. निरोप देताना सगळे एकच म्हणायचे, "दीड-दोन तासांचा तर रस्ता आहे." पण येत कोणी नव्हतं.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अरबाबने मला आत बोलावलं. ऑफिस दुबईला हलवायचं त्याने ठरवलं होतं. चौघांतल्या एकालाच तो नेणार होता. तिकडे सगळे अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे असत.

"चाचा कॉम्प्युटर जानता है?" त्याने विचारलं.

"नहीं," मी म्हणालो.

ते खरंच होतं. चाचांनी कधी माउसला हात लावला नव्हता. पण शिकवलं तर ते शिकतील, हे मला माहीत होतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मला मुलीची शाळा आठवली, नोकरी गेली की जाणारा व्हिसा आठवला, आणि मी गप्प राहिलो. अरबाबने मान हलवली. "खलास. तू चल."

चाचांना त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते बाहेर आले, टेबलावरच्या फायली वर्षाप्रमाणे लावल्या आणि माझ्या हातात त्यांची यादी दिली. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. त्यांची बॅग ट्रॉलीवर ठेवून दिली आणि परत आलो.

आम्ही करामात राहायला आलो. काम जमलं, पगार वाढला. दोन वर्षांनी सुट्टीत मी एकटाच त्यांच्या गावी गेलो. चाचा ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. चाचीनं चहा नि भाकरी आणून ठेवली आणि ती आत गेली. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांचे हात थांबले नाहीत. "अरबाबने मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला कॉम्प्युटर येत नाही हे तुझ्याकडूनच कळलं म्हणून."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खोटं थोडंच होतं ते?" त्यांनी दाताने सूत तोडलं. "मला शिकवायला किती दिवस लागले असते?"

"एक आठवडा. फार तर दोन."

"मग एवढे दिवस का दिले नाहीस मला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. समोर खाडीला ओहोटी लागली होती, होड्या चिखलात तिरक्या पडल्या होत्या. शेवटी त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, ती आता कितवीत आहे म्हणून. मी सांगितलं.

निघताना वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांच्यात ती रीतच नव्हती. पण मला ते तेवढंच वाटलं नाही. "जा, एसटी चुकेल," ते म्हणाले.

त्यानंतर ईदला मी दरवर्षी फोन करतो. चाची बोलते, सगळ्यांची खुशाली सांगते. चाचा बहुतेक वेळा मशिदीत गेलेले असतात.