वैदेहीची शाळा आम्ही कानांनी निवडली

"पाल," मी म्हटलं.

"वाल," वैदेही म्हणाली.

"कल्लु."

"पल्लु."

मी फळ्याजवळ उभी होते. तिला माझे ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर एक कोरा कागद धरला होता. वैदेही तिसऱ्या बाकावर बसली होती. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध आणि वाल म्हणजे शेपटी. कल्लु म्हणजे दगड, पल्लु म्हणजे दात. अकरा वर्षांच्या मुलीला हे शब्द पाळण्यातल्यासारखे सोपे. माझ्या क्लिनिकमध्ये ती ते एकही न चुकता सांगायची. इथे निम्मेसुद्धा बरोबर येत नव्हते.

दारात प्रिन्सिपल घड्याळ बघत होते. त्यांच्या शेजारी वैदेहीचे वडील राघवेंद्रराव उभे होते. त्यांचा चेहरा उतरत चालला होता, आणि तो माझ्यामुळे उतरतोय असं त्यांना वाटत होतं.

मी तंजावुरात ऑडिओलॉजिस्ट आहे. कोणाला किती आणि काय ऐकू येतं हे तपासायचं, मशीन लावून द्यायचं, मग त्या मशीनने ऐकायला शिकवायचं, हे माझं काम. घरात मराठी, बाहेर तमिळ अशी मी वाढले. देवनागरी लिहायला शिकले ती मुंबईत कोर्स करताना, म्हणून हे लिहू शकते.

वैदेहीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती दोन वर्षांची असताना तिचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानामागे एक छोटं यंत्र बसतं, ते आवाज पकडतं. आत बसवलेल्या बारीक तारेतून तो आवाज थेट ऐकण्याच्या नसेपर्यंत जातो. पुढे कितीतरी वर्षं ती पापनाशमहून आईबरोबर बसने माझ्याकडे यायची. पहिला शब्द ती माझ्या खोलीतच बोलली. त्यामुळे ही केस माझ्यासाठी नुसती केस नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

पाचवीपर्यंत ती पापनाशमच्या छोट्या शाळेत शिकली. वर्गात मुलं थोडी, टीचर हातभर अंतरावर. पहिल्या तिनांत नंबर असायचा. आता सहावीसाठी मोठी शाळा शोधायची होती, आणि राघवेंद्ररावांची शाळा ठरलेली होती. बायपासजवळची ही नवी शाळा. चार मजली, एसी, स्मार्ट बोर्ड, आठवीपासून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी. सीट मिळाली होती. सोमवारी कन्फर्म करायची होती.

"वैदूला ऐकू येत नाही कळलं, तेव्हा आमच्या लोकांनी काय काय सांगितलं ठाऊक आहे ना, अक्का?" ते मला म्हणाले होते. "हिला कशाला शिकवतां, म्हणाले. मी तेव्हाच ठरवलं, हिला सगळ्यांत मोठ्या शाळेत घालतों."

एवढं ऐकल्यावर त्यांना नको म्हणणं सोपं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "कन्फर्म करण्याआधी मला एकदा तो वर्ग बघू द्या."

आमच्या क्लिनिकचे डॉक्टर वैतागले.

"तू ऑडिओलॉजिस्ट आहेस की स्कूल इन्स्पेक्टर?"

"डॉक्टर, मशीन आपण लावून दिलं. ते वापरायचं कोठे, हे बघायला नको?"

"बाहेर ओपीडी भरलीय."

"शनिवारी जाते. दुपारी परत येते."

"दुपारी म्हणजे दुपारी," ते म्हणाले.

तर त्या वर्गात काय चुकत होतं? खोली देखणी होती. गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला सगळी काच, उंच छत. पण अशा खोलीत आवाज विरत नाही, आपटून परत येतो. आपण रिकाम्या हॉलमध्ये बोललो की शब्द घुमतो ना, तसं. आमच्या भाषेत त्याला रिव्हर्बरेशन म्हणतात. तुम्हाआम्हाला त्याचा फारसा त्रास होत नाही, आपला मेंदू ते गाळून टाकतो. इम्प्लांटवाल्या मुलाला ते गाळता येत नाही. 'पाल'मधला 'आ' ठणठणीत पोहोचतो, पण सुरुवातीचा 'प' आधीच्या शब्दाच्या घुमण्यात बुडून जातो. मग मूल अंदाज करतं. दिवसभर अंदाज करत बसायचं, तर गणित कधी शिकायचं?

हे मी प्रिन्सिपलना सांगितलं. माणूस सभ्य होता.

"पहिल्या बाकावर बसवू," ते म्हणाले.

"टीचर फळ्याकडे वळले की पहिला बाकही पुरत नाही, सर. दुसरा एक उपाय आहे." मी पिशवीतून रिमोट माइक काढला. अंगठ्याएवढी वस्तू. टीचरने गळ्यात अडकवायची, की त्यांचा आवाज थेट मुलीच्या यंत्रात जातो, मधली खोली जणू नाहीच. "टीचरनी एवढं घातलं तरी खूप फरक पडेल."

"आमचे टीचर पीरियडगणिक बदलतात, मॅडम. कोण घालणार, कोण चार्ज करणार? आज एका पालकासाठी केलं, तर उद्या सगळे मागतील."

मी राघवेंद्ररावांकडे पाहिलं. ते वैदेहीची वॉटर बॉटल हातात घेऊन जमिनीकडे बघत होते.

बाहेर गाडीत बसल्यावर ते बोलले. "तुम्ही मुद्दाम कठीण परीक्षा घेतली."

"तेच शब्द होते. क्लिनिकमध्ये घेते तेच."

"दुसऱ्या कोणत्या शाळेत ती पास झाली असती?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "चला, बघू. राजवाड्याजवळ मुलींची एक जुनी शाळा आहे. त्यांना फोन करून ठेवलाय."

"तुमच्या पसंतीची शाळा," ते म्हणाले.

"माझ्या पसंतीची. म्हणूनच परीक्षा तीच घेणार, एक शब्दही इकडचा तिकडे न करता."

वैदेही मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. तिला आमचं बोलणं किती कळलं कोणास ठाऊक. गाडीच्या आवाजात तिला फार कळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याचा फायदा घेत होतो.

शाळेत हेडमिस्ट्रेस अमुदा मॅडम वाट बघत होत्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, खादीची साडी, पायात स्पोर्ट्स शूज. वरच्या वर्गांच्या परीक्षा चालू होत्या, पण सहावीच्या मुली वर्गात होत्या. छत ठेंगणं, भिंती जाड, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. मी मनातून खूश झाले. कागद तोंडासमोर धरून सुरुवात केली.

आणि बाहेरून बस गेली. तिच्यामागे ऑटो, मग हॉर्न, मग दुसरी बस. खिडक्या सरळ रस्त्यावर उघडत होत्या. वर दोन पंखे खडखडत होते. मुलींनी बाक जरा हलवला की फरशीवर किंचाळी उठायची. माझा आवाज या सगळ्याच्या वर राहायला हवा, तोही बराच वर. तो कसाबसा बरोबरीने होता.

"पाल."

वैदेही थांबली. "पुन्हा सांगा."

"पाल."

"काल?"

निकाल त्या मोठ्या शाळेपेक्षा जेमतेम बरा लागला. खरं बोलायचं तर मला ओशाळल्यासारखं झालं. हात मागे बांधून राघवेंद्ररावांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आता यांना सोमवारी कोण अडवणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात अमुदा मॅडमनी विचारलं, "काय बदलायला हवं?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा वर्ग हिला चालत नाही. कोणता चालेल? काय करायचं ते सांगा, करून बघू."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणत्याही शाळेने विचारला नव्हता. मी भरभर सांगायला लागले. रस्त्यापासून लांबची खोली. फरशीवर बाक वाजायला नकोत. मागच्या भिंतीवर काहीतरी मऊ.

मॅडमनी वर्गाकडे वळून टाळी वाजवली. "मुलींनो, आपण घर बदलतोय."

पुढचा तास-दीड तास मी विसरणार नाही. मागच्या अंगणाकडे एक शिवणकामाची खोली होती, ती त्यांनी मोकळी केली. सहावीच्या मुली बाक उचलून नेऊ लागल्या. गणिताच्या शेंबगम टीचरनी सायकल स्टँडमधून जुन्या ट्यूब मागवल्या, कात्रीने कापल्या आणि बाकांच्या पायांना रबराचे मोजे घातले. योगासनांच्या कोरैच्या चटया, आपल्या कावेरीकाठच्या लव्हाळ्याच्या, मागच्या भिंतीवर दोरीने टांगल्या. एक दोरी कोणाचा हात पोहोचेना म्हणून तशीच लोंबत होती. राघवेंद्रराव बराच वेळ दारात उभे होते. मग पुढे झाले, चपला काढून बाकावर चढले आणि ती दोरी खिळ्याला बांधली. "ही गाठ सैल आहे," असं म्हणून शेजारचीही पुन्हा बांधली.

वैदेही मुलींमध्ये मिसळून एक चटई धरून उभी होती. एक उंच मुलगी तिच्या कानामागच्या यंत्राकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होती आणि वैदेही उत्तर देत होती.

डॉक्टरांचा फोन आला. "दुपार झाली."

"डॉक्टर, अजून थोडा वेळ. इथे कमाल चाललीय."

"कसली कमाल?"

"चटया टांगतोय."

"आल्यावर सांग," ते म्हणाले.

सगळ्या मुली बाकांवर बसल्या. वैदेही तिसऱ्या बाकावर. मी कागद धरला.

"पाल."

"पाल."

"कल्लु."

"कल्लु."

ती बरोबर सांगत गेली. दोन ठिकाणी अडली, पुन्हा विचारलं, मग बरोबर सांगितलं. शेवटी तर मुली प्रत्येक शब्दाला श्वास रोखून बसल्या होत्या. मग मी रिमोट माइक शेंबगम टीचरच्या गळ्यात अडकवला. त्यांनी फळ्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या उभ्या राहून अपूर्णांक शिकवला. वैदेहीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. एकदा शेजारणीलाही सांगितलं.

टीचर समाधानाने बाहेर गेल्या, मॅडमही त्यांच्यामागून. आम्ही सामान आवरू लागलो. तेवढ्यात वैदेही खुदकन हसली.

"काय झालं?" राघवेंद्ररावांनी विचारलं.

"टीचर विचारतायत, फ्लास्कमध्ये कॉफी उरली का."

मी दचकले. माइक टीचरच्या गळ्यातच राहिला होता, चालू. स्टाफरूम भिंतीपलीकडे होती. तिथलं बोलणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, वैदेहीला येत होतं. मी दाराकडे निघाले, पण वैदेहीने हात वर करून मला थांबवलं. तिचे डोळे चमकत होते.

"मॅडम म्हणतायत, मुलीचे अप्पा कडू काढा प्यायल्यासारखे उभे होते."

वर्ग हसला. राघवेंद्रराव लाल झाले.

"आता शेंबगम टीचर..." ती थांबली. नीट ऐकू लागली. मग हळू म्हणाली, "म्हणतायत, ही मुलगी माझ्या वर्गात द्या. कळलं नाही की पुन्हा विचारते. ऐकू येणाऱ्या मुलीही विचारत नाहीत."

राघवेंद्ररावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

मग ते गुडघ्यावर बसले, तिच्या समोर, ओठ दिसतील असे. "वैदू, तुला कोठे शिकायचं आहे?"

हा प्रश्न आम्ही दोघांनी तोपर्यंत तिला विचारला नव्हता.

"इकडें," ती म्हणाली. "त्या उंच मुलीनं मला नाव सांगितलं. तमिळसेल्वी. एकदाच सांगितलं, अप्पा. मला कळलं."

सोमवारी त्यांनी बायपासवरची सीट सोडली. जूनपासून वैदेही रोज सकाळी पापनाशमहून ट्रेनने तंजावुरात येऊ लागली. सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या टर्मला इतिहासात कमी मार्क मिळाले. एक टीचर माइक घालायला कंटाळायच्या, त्यांच्या तासाला ती मागेच पडली. मॅडमनी दोनदा बोलावून सांगितलं, मग त्या घालायला लागल्या.

दिवाळीनंतर एकदा राघवेंद्ररावांचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मी घाबरले.

"अक्का, शाळेतून तक्रार आली आहे."

"कसली?"

"वैदू वर्गात फार बोलते म्हणे. शेजारणीशी. टीचर ओरडले तरी थांबत नाही." ते हसत होते की रडत होते, मला फोनवर कळलं नाही. "तिच्या आईनं शेजारपाजारी मैसूरपाक वाटला."

त्या मोठ्या शाळेबद्दल माझं वाईट मत नाही. कमी ऐकू येणारा माझा एक पेशंट तिथे चांगला शिकतो आहे. त्याला ती खोली चालते, हिला चालली नाही, इतकंच. डॉक्टर आता ओपीडीत एखादं मूल पाचवी-सहावीला आलं की स्वतःच मला विचारतात, "शनिवारी शाळा बघायला जातेस ना?"

पालकांना मी एकच सांगते. शाळा बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. भरलेल्या वर्गात, मागच्या बाकावर एक पीरियड बसा. आणि काही अडलं तर तिथल्या लोकांना सांगून बघा. ते तुम्हाला समजावायला लागतात की बाक उचलायला लागतात, त्यावरून ठरवा.